टक्, डावीकडून

सात मार्चला दुपारी साडेबाराच्या सुमारास आमच्या गाडीचा आवाज गेला. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत, खेमसिंगच्या गॅरेजमध्ये, चार माणसांसमक्ष, नवीन लिंक रॉड बसवून कायमचा गेला. आता हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. मीही लिहिलं नाही असं समजतो. यवतमाळला तहसीलसमोरच्या एका सेतू केंद्रात मी लोकांचे अर्ज टाइप करतो, आणि खोडलेली ओळ मुळात नव्हतीच असं मानणं हा माझ्या कामाचा भाग आहे. मागे एका माणसाला मी चुकून मयत लिहिलं होतं. खोडलं, तेव्हा तो समोर बसून चहा पीत होता आणि त्यानं मला काहीच जाणवू दिलं नाही. तेव्हा आवाज आहे. डावीकडून, पुढच्या चाकापासून, टक्. फार मोठा नाही. अडकित्त्यात सुपारी फुटते तेवढाच.

तो पहिल्यांदा जानेवारीतल्या एका रविवारी आला. आमच्या कॉलनीच्या तोंडाशी एक ब्रेकर आहे, तो नगरपरिषदेला माहीत नाही. एका मंगल कार्यालयाच्या बांधकामातून उरलेल्या सिमेंटचा तो कॉलनीनं स्वतःच केला, आणि वाळायच्या आत त्याच्यावरून एक म्हैस गेली, म्हणून त्याच्यावर चार खुरं कायमची उमटली आहेत. गाडी पांढरी, सात सीटची, ढाणकीच्या एका बियाणेवाल्याकडून सेकंड हँड घेतलेली. गेल्या पावसाळ्यात मागच्या मॅटखाली सोयाबीन उगवलं तेव्हा आम्हाला तिचा पूर्वेतिहास कळला. अपेक्षा, म्हणजे माझी बहीण, त्या रोपाला आठवडाभर पाणी घालत होती. तर त्या रविवारी मी चालवत होतो, डावीकडे बाबा, मागे आई आणि अपेक्षा, आणि ब्रेकरवर टक् झालं. आईनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. अपेक्षानं फोनमधून डोकं वर काढलं. मी दोघींकडे पाहिलं. बाबा समोर पाहत होते, म्हशीच्या खुरांच्या पलीकडे, अत्यंत शांतपणे. ‘ऐकलं का’ हे दोन शब्द आमच्या घरातून तीन वर्षांपूर्वीच निघून गेले आहेत, कुणी ठराव न करता. त्यामुळे कुणीच काही विचारलं नाही. गाडी पुढं गेली.

बाबांचं नाव गोविंदा. महागावला एका जिनिंगमध्ये ते एकतीस वर्षं फिटर होते. कापसाचा हंगाम सुरू झाला की दसऱ्यापासून होळीपर्यंत यंत्रांच्या आवाजात तिथं माणसं बोलत नसत, हातवारे करत. त्या हातवाऱ्यांत बाबा फार बोलके होते म्हणतात. त्यांचे कान जिनिंगमुळे गेले की वयामुळे, हे डॉक्टरला सांगता आलं नाही. आई म्हणते, ‘जिनिंगच्या आधीबी माह्यं कुठी ऐकत होते.’ कानाचं मशीन आणलं, ते त्यांनी एक दिवस घातलं. दुसऱ्या दिवशी म्हणाले, ‘आपल्या घरात एवढे भांडे हायेत हे मले माईतच नोतं,’ आणि मशीन डबीत ठेवलं, डबी कपाटात ठेवली आणि कपाटाची किल्ली आईला दिली. तेव्हापासून बाबांनी सगळ्या प्रश्नांसाठी एकच उत्तर ठरवलं आहे: ‘बरोबर आहे.’ अपेक्षानं विचारलं, पुण्याला क्लास लावू का? बरोबर आहे. दूधवाला म्हणाला, माझी सासू वारली. बरोबर आहे. मी विचारलं, बाबा, ही गाडी घेऊ का? बरोबर आहे. म्हणजे या गाडीला बाबांची परवानगी होती की नाही हे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. आमच्या घरातले गेल्या तीन वर्षांतले सगळे मोठे निर्णय एका माणसाच्या संमतीनं झालेले आहेत, आणि त्या माणसानं त्यातला एकही ऐकलेला नाही. आम्ही त्याचा फायदा घेतला असं म्हणता येईल. पण ‘बरोबर आहे’ म्हणताना बाबा ज्या प्रेमानं मान हलवत, ते पाहून पुन्हा मोठ्यानं विचारायचा धीर कुणाला होणार.

मी दुसरीत असताना त्यांनी मला एकदा जिनिंगमध्ये नेलं होतं. त्यांच्या भुवयांवर कापूस बसलेला होता, त्यामुळे ते सत्तर वर्षांचे दिसत होते आणि मला वाटलं आता हे घरी गेल्यावर परत तरुण होतील, आणि ते झाले. पिवळ्या मुठीचा, हातभर लांब पेचकस त्यांच्याजवळ होता. त्याचं टोक त्यांनी एका फिरत्या बेअरिंगच्या घरावर टेकवलं, आणि मूठ माझ्या कानामागच्या हाडावर ठेवली. सगळं जिनिंग एकदम गप्प झालं. आत एक माणूस फुटाणे खात बसला होता. मी दचकून बाबांकडे पाहिलं. त्यांनी एक बोट वर केलं आणि मग ते आडवं केलं: उद्या. दुसऱ्या दिवशी ते बेअरिंग गेलं. पुढं बरीच वर्षं माझी समजूत होती की प्रत्येक वस्तूच्या आत एक माणूस फुटाणे खात असतो, आणि फुटाणे कधी संपणार ते फक्त बाबांना माहीत असतं. अशा माणसासमोर गाडीतून आवाज येतो आहे आणि त्याला तो ऐकू येत नाही, हे माझ्याच्यानं पाहवेना. मी ठरवलं, बाबांना कळायच्या आत तो काढून टाकायचा. कळणार कसं, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. मुलं बापाची लाज झाकायला निघतात तेव्हा इतकं काही विचारत नाहीत.

पुढं काय झालं ते सांगण्याआधी चपलांचं सांगायला हवं. नवी गाडी घेतली की महिनाभर माणसं चपला काढून बसतात, आमच्याकडेही बसली. बियाणेवाल्यानं तीत आठ वर्षं बूट घालून काढली होती, तरी. पंधरा दिवसांत आई चपला घालून बसू लागली, मग अपेक्षा, शेवटी बाबासुद्धा. पण दिवाळीपासून बाबा पुन्हा चपला काढायला लागले. दार उघडायचं, चपला हातात घ्यायच्या, सीटखाली नीट ठेवायच्या, अनवाणी पाय मॅट बाजूला सारून खाली पत्र्यावर टेकवायचे. आई म्हणायची, ‘तुह्या बापाले गाडी म्हंजे विहारच वाटून राह्यलं. उद्या मेणबत्ती लावन थो.’ आम्ही हसायचो. बाबाही हसायचे आणि म्हणायचे, बरोबर आहे.

लोहाऱ्याच्या एमआयडीसीत खेमसिंग एकटाच काम करतो. बंजारा माणूस, पन्नाशीचा, कानावर पेन्सिल, आणि बोलण्यात दोन वाक्यांमध्ये एखादा बोल्ट आवळून होईल एवढी जागा. बाबांना आम्ही सांगितलं की खरेदीला जातो. बरोबर आहे, म्हणाले. मग मी, आई आणि अपेक्षा दारव्हा रोडनं निघालो.

“कसा येते आवाज?” खेमसिंगनं विचारलं.

“टक्,” मी म्हणालो.

“टक् नाई बाप्पा,” आई म्हणाली. “खट. पेटीचं झाकण पडल्यावानी.”

“टुक,” अपेक्षा म्हणाली. ती बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करते, त्यामुळे तिला तीन पर्यायांत एक बरोबर असावाच लागतो. “शेवटी ओठ मिटल्यासारखा.”

खेमसिंगनं कार्डावर लिहिलं: टक (पोरगा). खट (माय). टुक (पोरगी). मग पेन्सिल कानावर ठेवून म्हणाला, “गाडी एक, आवाज तीन. कोनाचा आधी काढू?” आम्ही एकमेकांकडे पाहिलं. “आन चवथा कोन बसते गाडीत?” मी म्हणालो, बाबा बसतात, पण त्यांची कंबर दुखते म्हणून आले नाहीत. कंबर दुखते हे खरं होतं. एका खऱ्या गोष्टीमागं खरं कारण लपवणं मी सेतू केंद्रातच शिकलो.

त्यानं बॉनेटच्या कोपऱ्यावर दोन्ही हातांनी भार देऊन गाडी दाबली आणि सोडली. गाडी एकदा वर आली आणि थांबली. शॉकप ठीक, म्हणाला. जॅकवर घेऊन चाक वरून खालून धरून हलवलं. बॉल जॉइंट ठीक. लोखंडी टॉमीची दांडी घालून रबरी बुश ढकलून पाहिले. मग स्वतः चालवत एमआयडीसीतल्या सगळ्या ब्रेकरांवरून नेली. गाडी एवढी शहाण्यासारखी वागली की मला तिचा रागच आला. संशयावरून त्यानं एक बुश बदलला. घरी आलो, दुसऱ्या दिवशी बाबांना दवाखान्यात न्यायचं होतं, म्हशीच्या ब्रेकरवर टक्. पुन्हा लोहारा. पुन्हा काही नाही. तिसऱ्या वेळी मी त्याला सांगितलं की आवाज फक्त बाबा बसले असले की येतो. खेमसिंगनं हे जराही हसण्यावारी नेलं नाही. “काकाचं वजन किती?” एकसष्ट किलो. त्यानं शेजारच्या गोडाऊनमधून सोयाबीनचं साठ किलोचं पोतं आणलं, पुढच्या डाव्या सीटवर बसवलं आणि त्याला पट्टा लावला. वर एक किलोचा पाना ठेवला. “झाले काका,” म्हणाला, आणि मागं बसला.

पोत्याला घेऊन मी निघालो. पहिल्या ब्रेकरला माझा डावा हात आपोआप पोत्याच्या पुढं आडवा गेला. मी तो पटकन मागं घेतला, पण खेमसिंगनं पाहिलं होतं. आवाज आला नाही. “काका असल्यावर ब्रेकर कसा घेते?” त्यानं विचारलं. असाच, मी म्हणालो. “असा नाई. दाखव.” मी दाखवायचा प्रयत्न केला. हळू घेतलं, जोरात घेतलं, पोत्याकडे प्रेमानं पाहून घेतलं. काही जमेना. आपण बापासोबत कसे वागतो हे बाप नसताना करून दाखवायला सांगितलं तर कुणालाच येणार नाही असं मला वाटतं. हात विसरून जातात. “भिया,” खेमसिंग म्हणाला. त्याच्या बोलीत भावाला भिया म्हणतात, आणि काही वाईट सांगायचं असलं की तो स्वतःच्या बोलीत जातो. “पोतं नाई चालत. काकाले आना लागते.”

मी आठ दिवस टाळलं. मला डोळ्यांसमोर दिसत होतं: गॅरेजमध्ये खेमसिंग मोठ्यानं विचारणार, काका, आला का आवाज? आणि बाबा, ज्यांनी एकतीस वर्षं यंत्रांच्या मरणाच्या तारखा सांगितल्या, ते एका फिटरसमोर मान हलवून म्हणणार, बरोबर आहे. फिटरला फिटर कळतो. हा म्हातारा बहिरा आहे हे खेमसिंगच्या एका बोल्टभर शांततेत सगळ्यांना समजणार, आणि मग ते आमच्या घरात येऊन बसणार, सोफ्यावर, कायमचं. आईला मी हे सांगितलं. ती मेथी निवडत होती. “तुह्या बापाची लाज तुले येऊन राह्यली का त्याले?” एवढंच म्हणाली, आणि काड्या एकीकडे, पानं एकीकडे करत राहिली. सात मार्चला मी बाबांसमोर उभा राहून ओठ हलवत म्हणालो, “बाबा, गॅरेजमध्ये येता?” बरोबर आहे, म्हणाले, आणि आत जाऊन इस्त्रीचा शर्ट घालून आले. आईही निघाली. हे पाहायला ती कशाला येते आहे असं मला वाटलं. लोहाऱ्याला खेमसिंग गाडीत मागं चढला, तर ती त्याच्या शेजारी पर्स मांडीवर घेऊन बसली, एसटीत बसल्यासारखी.

बाबांनी चपला काढल्या, सीटखाली ठेवल्या. एमआयडीसीतला ब्रेकर आला. मी काय केलं ते मला तेव्हाही कळलं नाही, पण टक् झालं. स्पष्ट. आई म्हणाली, खट. खेमसिंग मागून वाकला. “समजलं. तिरपी घेतली तुनं.” मी म्हणालो, कुठं? “एक चाक आधी, दुसरं मंग. पोत्याच्या टाइमाले सरळ घेतली होती.” मी पुन्हा ब्रेकर घेतला, हाताकडे पाहत. खरंच, माझे हात गाडी जरा आडवी करत होते, एकेक चाक हळू चढवत होते, म्हणजे बाबांच्या कंबरेला हिसका बसू नये. किती महिन्यांपासून करत होते कोण जाणे. “सरळ घेतली तं दोन्ही चाकं संगं उचलते,” खेमसिंग समजावत होता, “दोन चाकामंधातला बार पिळतच नाई, चूप बसते. तिरपी घेतली की बार पिळते, त्याच्या टोकाचा लिंक रॉड ढिला असन तं बोलते. म्हंजे ह्या आवाज गाडीचा नाई, काकाच्या कंबरेचा हाय.” मग त्याला काय वाटलं, तो पुढं झुकून बाबांच्या कानाजवळ मोठ्यानं म्हणाला, “काका, आला का आवाज?”

“बरोबर आहे,” बाबा म्हणाले.

मी स्टिअरिंगकडे पाहत राहिलो. स्टिअरिंगवर शिवलेल्या दोऱ्याचे टाके मोजण्यासारखे असतात. खेमसिंग एक बोल्टभर गप्प राहिला. आणि मग बाबा समोरच्या काचेतून पाहत, कुणालाही उद्देशून नाही असं, म्हणाले, “डावा लिंक रॉड. वरचं टोक गेलं. खालचं बरं हाय अजून, वर्षभर चालन.”

खेमसिंग उतरला, गाडी जॅकवर घेतली, चाक काढलं, वरच्या टोकाला अंगठा लावला. मग बाहेर येऊन हात पुसत बाबांसमोर उभा राहिला आणि फक्त हातानं विचारलं, कसं? बाबांनी उघड्या दारातून अनवाणी पाय बाहेर काढून त्याला दाखवला. टाच पिवळी पडलेली, भेगाळलेली, तिच्यात एकतीस वर्षांचं ग्रीस. “दिवाळीपासून वाजून राह्यला,” म्हणाले. आम्हाला तो जानेवारीत ऐकू आला होता. दोन महिने या गाडीत ऐकू येणारा माणूस एकच होता.

“मग सांगतलं काहून नाई?” आईनं विचारलं, मागून, बाबांना तिचे ओठ दिसत नसताना. त्यांना कसं कळलं माहीत नाही. लग्नाला पस्तीस वर्षं झाली म्हणजे काही प्रश्न पाठीला कळत असतील.

“सांगतलं असतं तं तुमी दुरुस्त केला असता,” बाबा म्हणाले.

मी हसलो. मला तो विनोद वाटला. खेमसिंगही हसला, नवीन लिंक रॉड बसवला, आणि जुना, त्याच्या नियमाप्रमाणे, वर्तमानपत्रात गुंडाळून गिऱ्हाइकाच्या मांडीवर ठेवला, म्हणजे खरंच बदलला याची खात्री राहते. त्या दिवशी गिऱ्हाईक बाबा होते. येताना मी गाडी हवेत तरंगल्यासारखी चालवली. मला एवढा आनंद झाला होता की मी तीनदा मागं वळून आईला म्हणालो, पाह्यलं का बाबाचं? कॉलनीच्या तोंडाशी म्हशीचा ब्रेकर आला. मी तिरपी घेतली. एक चाक, मग दुसरं. काही नाही. बाबांनी खाली पाहिलं. मध्येच कट झालेल्या फोनकडे माणूस पाहतो तसं. मी उगाच गाडी मागं घेतली, पुन्हा चढवली. बाबांचा पाय पत्र्यावरून डावीकडे सरकला, दाराच्या कडेपर्यंत गेला, तिथं थोडा थांबला, परत आला. मग त्यांनी वाकून सीटखालून चपला काढल्या आणि घातल्या. आधी उजवी, मग डावी. मी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं समजलो.

पुढचे चार-पाच दिवस ते चपला घालून गाडीत बसले. आई म्हणाली, चला, विहारातून बाहेर आले. मग एके दिवशी महागावला आमच्या एका नातलगाच्या मुलाचं नाव ठेवायचं होतं. बाबा म्हणाले, “तुमी जा.” कंबर दुखते का, विचारलं. बरोबर आहे. आम्ही तिघं गेलो. पुढची डावी सीट मोकळी होती, तिचा पट्टा दाराला सैल लोंबत होता. अपेक्षा पुढं बसायला तयार होईना. आर्णीच्या पुढं एका ब्रेकरवर माझ्या लक्षात आलं की मी गाडी सरळ घेतो आहे. हातांनी विचारलंसुद्धा नव्हतं. त्या दिवशी रस्त्यानं जाताना मला सारखं वाटत होतं की आपण कुणाच्या तरी घरातून काहीतरी उचलून आणलं आहे, आणि ते चांगलं वर्तमानपत्रात गुंडाळून त्याच्याच मांडीवर ठेवलं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी डिकी उघडून मी जुना रॉड शोधला. नव्हता. घराच्या मागं उन्हात बाबा पायरीवर बसले होते, माझ्याकडे पाठ करून. रॉडचं एक टोक त्यांनी कानामागच्या हाडाला टेकवलं होतं, आणि दुसऱ्या टोकाची ढिली गोळी अंगठ्यानं हलवत होते. मला काही ऐकू येत नव्हतं. फक्त अंगठा जाताना येताना दिसत होता आणि दर वेळी त्यांचे डोळे थोडे मिटत होते, गरम चहाचा घोट घेतल्यासारखे. माझी सावली पायरीवर पडली तेव्हा त्यांनी रॉड पटकन मांडीखाली घेतला. पासष्ट वर्षांचा माणूस, मांडीखाली रॉड. मी शेजारी बसलो. “इंजिन पायाले लागते,” बाबा एकाएकी म्हणाले, “पन थे सारखंच. सवय होऊन जाते मानसाले. ह्या कसा, मधीच येते. कोनं हाक मारल्यावानी.” तीन वर्षांत घरात कुणी त्यांना हाक मारली नव्हती. ऐकू जाणार नाही म्हणून आम्ही जवळ जाऊन खांद्याला हात लावायचो, आणि त्यालाच प्रेम समजायचो.

मी त्यांच्या मांडीखालून रॉड काढला. एक टोक त्यांच्या कानामागं, हाडावर ठेवलं. दुसरं टोक मी दातांत धरलं. ग्रीसची चव लोखंडासारखी नसते, जुन्या घरासारखी असते. रॉड दातांत धरून माणसाला जेवढं बोलता येतं तेवढं मी बोललो: “बाबा. परत बशवू का ह्या?”

मी वाट पाहिली, त्यांच्या त्या एका उत्तराची. ते माझ्याकडे वळले आणि त्यांच्या भुवयांवरचा कापूस, जो आता खरोखर पांढरा झाला आहे, वर चढला.

“बसव,” म्हणाले. “पन वरचा नट जास्त आवळू नोको. चूप होऊन जाइन. आन तोंड धू आधी, माकडावानी दिसून राह्यला.”

अठरा मार्चला मी जुना रॉड घेऊन खेमसिंगकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यानं कार्ड काढलं, पेन्सिल काढली. तक्रार: आवाज येत नाही. लिहून झाल्यावर त्यानं रॉड हातात तोलला. “बॉल जॉइंट असता तं लावून देल्ला नसता, चाक निंगते. ह्या निसता बडबड्या हाय. पन दर महिन्याले दाखवून जायचं. वरची गोळी सुटाले आली की दुसरा पाहू.” मग त्याच्या भंगाराच्या ड्रमकडे हात केला. “असे बडबडे ठेवत जाईन मी बाजूले. काकासाठी.” नट किती आवळायचा यावर त्याचं आणि माझं एकमत होईना, तेव्हा त्यानं बाबांना बोलावून आणायला लावलं. बाबा गाडीत बसले, पाय पत्र्यावर, आणि हातानं सांगत राहिले: थोडा, अजून थोडा, बस. दोन फिटर एकमेकांशी जिनिंगच्या भाषेत बोलत होते आणि मला त्यातलं काहीही कळत नव्हतं, त्याचं मला फार बरं वाटलं.

संध्याकाळी चौघं गाडीतून निघालो, आणि म्हशीच्या ब्रेकरवर मी ती तिरपी घेतली. टक्. आई म्हणाली, खट. अपेक्षा म्हणाली, टुक. बाबांच्या पायाची बोटं पत्र्यावर जरा आखडली आणि सैल झाली, आणि ते म्हणाले, “हं?” कुणीतरी हाक मारल्यावर म्हणतात तसं. सीटखाली चपला शेजारी शेजारी होत्या. दुसऱ्या दिवशी सेतू केंद्रात गर्दी कमी होती, म्हणून मी हे टाइप केलं:

प्रति, मा. उपप्रादेशिक परिवहन अधिकारी, यवतमाळ. विषय: वाहनाच्या नोंदणी प्रमाणपत्रात आवाजाची नोंद घेणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, माझ्या मालकीच्या सात आसनी वाहनात पुढील डाव्या बाजूने टक् असा आवाज येतो. (कुटुंबातील इतर सदस्यांच्या मते खट व टुक. तिन्ही ग्राह्य धरावेत.) दि. ७ मार्च ते १८ मार्च या अकरा दिवसांत सदर आवाज आढळून आला नाही, तथापि तो कालावधी घडलाच नाही असे समजण्यात यावे. तरी प्रमाणपत्रात इंधन, रंग व आसनक्षमता या रकान्यांनंतर ‘आवाज’ असा एक रकाना वाढवून त्यात वरील नोंद घ्यावी, व कोणत्याही तपासणीत तो दुरुस्त करण्याचे आदेश देऊ नयेत. तसेच वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांकरिता ग्राह्य असते व त्यानंतर दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करून मिळते. हीच तरतूद पुढील डाव्या आसनावर अनवाणी बसणाऱ्या व्यक्तीसही लागू करावी, व नूतनीकरण किती वेळा करता येईल यावर मर्यादा ठेवू नये, ही नम्र विनंती.